पंचाहत्तराव्या शब्दानंतर

"पोर फार झोपतंय, ब्रिन. ही झोप मला आवडत नाही. सोमवारची वाट बघू नकोस," असं व्हर्लीन बास्गल निघता निघता म्हणाली होती, आणि ब्रिनने ते कानाआड केलं होतं.

तान्ही बाळं झोपतातच. ब्रिनने तीन पुस्तकं वाचली होती, दोन पुस्तकांत त्या ओळीखाली रेघाही मारल्या होत्या. शिवाय ती कॉलेजात शिकलेली, आणि व्हर्लीन म्हणजे काउंटीची, आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाची, नर्स, गुडघ्यांमुळे कठडा धरून एकेक पायरी उतरणारी बाई. ही शुक्रवारची गोष्ट. शनिवारी तिची एटा दुधालाही उठेना. "किती गुणी पोर आहे," असं तिचा नवरा कोल म्हणाला, आणि ब्रिननेही तसंच मानून घेतलं. रविवारी चर्च सुटल्यावर व्हर्लीन न बोलावता दारात उभी राहिली. एटाला खिडकीपाशी नेऊन तिने तिच्या नाकाचा शेंडा बोटाने दाबला, बोट उचललं, पिवळी कातडी पाहिली आणि एवढंच म्हणाली, "चल. गाडीत बस."

इस्पितळ साठ मैलांवर. कावीळ डोक्यात चढायला एखादाच दिवस राहिला होता, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. चार दिवस एटा निळ्या दिव्याखाली होती आणि चारही दिवस ब्रिन काचेला नाक लावून उभी होती.

आता एटा चौदा महिन्यांची झाली होती. धावायची, पडायची, कुत्र्याच्या वाडग्यातलं पाणी प्यायची. तरीही दुपारी ती झोपली की ब्रिन दर दहा मिनिटांनी तिच्या नाकापुढे हात धरायची. कोल हसायचा. व्हर्लीन कधीच हसली नाही. दर महिन्याला ब्रिन कोबी-खिमा भरलेले गरम पाव, बीरॉक, टोपलीत घालून तिच्या कचेरीत पोचवायची, आणि दर वेळी वाटायचं, आभार मानायचे राहूनच गेले.

म्हणून त्या ऑक्टोबरात, पश्चिम कॅन्ससभर ज्वारीची कापणी चाललेली असताना, गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराचं, लिंडग्रेनचं, उत्तर ती उभ्यानेच पुन्हा वाचू लागली.

गव्हर्नरच्या निवडणुकीआधी गावातलं वाचनालय दर वेळी मतदार पत्रिका काढायचं, आणि यंदा ब्रिन त्या कामाला होती. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न. उत्तर पंचाहत्तर शब्दांत. जसं आलं तसं छापायचं, काना-मात्रा न बदलता. पंचाहत्तर शब्द झाले की तिथे तोडायचं, मग वाक्य अर्धं राहिलं तरी. हे पत्रात आधीच कळवलेलं असायचं. पत्रिका शुक्रवारच्या वर्तमानपत्राच्या घडीत घालून घरोघर जायची, आणि काउंटीतली निम्मी माणसं ती मतदानाच्या दिवशी खिशात घालून न्यायची.

पाचवा प्रश्न सरकारी कारभाराच्या सुधारणेचा होता. राज्याची जुनी खजिनदार पॉला आख्टरबर्ग हिने लिहिलं होतं की एकही कचेरी बंद होणार नाही, पण प्रत्येक खात्यावर बाहेरच्या माणसांची तपासणी समिती बसेल. गुरांचा व्यापारी कॉय लिंडग्रेन याने लिहिलं होतं की घोड्यावरून फिरण्याच्या काळात आखलेल्या एकशे पाच काउंट्यांवर आजचा कारभार चालणार नाही, आणि दहा हजारांखाली वस्ती असलेल्या काउंट्यांमधल्या आरोग्य कचेऱ्या तो बंद करील.

ब्रिनने शब्द मोजले. पंचाहत्तर तिथेच भरले, बरोबर पूर्णविरामावर. त्यापुढे एक वाक्य जास्तीचं होतं: 'वाचलेल्या पगारांतून प्रत्येक काउंटीत घरोघर फिरणारी नर्स ठेवीन, तिला टेबल नको, गाडी द्या.'

तिने पुन्हा मोजले. तेवढेच भरले.

"जास्त आहे का?" पलीकडून आर्डिथ वासिंजरनी विचारलं. या बाई एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून ही पत्रिका सांभाळत होत्या.

"एक वाक्य."

"मग तोड. मी एका न्यायाधीशाला 'म्हणून मी'वर तोडलंय. अजून रस्त्यात भेटला तर मान फिरवतो."

"पण मिसेस वासिंजर, ते वाक्य गेलं तर..."

"तर त्याने मोजायला हवं होतं. गुरं मोजतो ना?"

ब्रिनने ओळीवर काट मारली. खरं सांगायचं तर हात जड झाला नाही, उलट बरंच वाटलं. काउंटीची वस्ती अडीच हजार. कचेरी बंद म्हणजे व्हर्लीनने चाळीस वर्षं चालवलेलं काम बंद, पुढचं गोड वाक्य नुसता गूळ लावलेला. आता घराघरात लोक वाचतील की हा माणूस आपली नर्स काढून घेणार आहे, आणि काय करायचं ते मतपेटीत करतील. तिला वाटलं, बीरॉकपेक्षा मोठं काहीतरी आज व्हर्लीनला देता येईल.

उत्तरं बदलून पाठवायची मुदत त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी बाराला संपत होती. दहा वाजता एटाला कडेवर घेऊन ती दोन गल्ल्या पलीकडच्या आरोग्य कचेरीत गेली.

व्हर्लीन टेबलाशी बसली होती. कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. भिंतीपाशी खोकी रचलेली, कारण उद्या तिचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. गुडघ्यांनी हात टेकले होते.

"ये गं, उड्या मारणारी बाई!" तिने एटाला मांडीवर ओढलं. "काय खाल्लंस सकाळी?"

"कुत्र्याचं बिस्किट," ब्रिन म्हणाली.

"दात चांगले होतात."

ब्रिनने मग एका दमात सगळं सांगितलं: लिंडग्रेनचं उत्तर, काटलेली ओळ, लोक काय वाचतील ते. सांगताना ती हसत होती. व्हर्लीन हसली नाही.

"ती ओळ परत म्हण."

ब्रिनने म्हटली.

"तिला टेबल नको, गाडी द्या," व्हर्लीन सावकाश म्हणाली. "ते माझं वाक्य आहे, ब्रिन. ऑगस्टात जत्रेला तो डुकरांच्या गोठ्यामागे मला भेटला. उन्हाने लालबुंद झालेला. म्हणाला, तुमच्या कामात काय बदलू? चाळीस वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच विचारलं. तेव्हा मी सांगितलं."

"पण तो ही कचेरी बंद करणार आहे!"

"करू दे की. बघ ना आजूबाजूला. कचेरी उघडी ठेवायची तर नर्स आत हवी, असा नियम आहे. आठवड्यातले तीन दिवस मी इथे बसते. येतं कोण? बिल डोर्टलँड येतो रक्तदाब मोजायला, तोही बायको झाडू मारत असते म्हणून. आणि बाळं कुठे असतात? मातीच्या रस्त्यांच्या टोकाला." तिने एटाची टोपी सारखी केली. "त्या शुक्रवारी तुझ्याकडे मला फक्त वीस मिनिटं होती. आणखी थांबले असते तर तुला पटवलं असतं. रविवारी आले ती माझ्या गाडीने, माझ्या सुट्टीत. सरकारी कागदांत ती फेरी कुठेच नाही."

ब्रिनने एटाकडे पाहिलं. आपल्या लेकीचा जीव ज्या फेरीने वाचला ती कुणाच्याच कागदात नव्हती. ही बाई आली म्हणून झाली, एवढंच.

"मी तुमच्यासाठी काटली होती," ती हळूच म्हणाली.

"कळतंय मला. पण पोरी, मायेपोटी माझंच तोंड दाबू नकोस." व्हर्लीनने तिचा हात दाबला. "मत कुणाला द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. ती पॉलाही काही वाईट नाही, निदान ती दार उघडं ठेवतेय. पण लोकांना दोघांचंही पुरतं वाचू तरी दे."

ब्रिन जवळजवळ पळतच परतली.

"नियम म्हणजे नियम," आर्डिथ म्हणाल्या.

"मोडायचा नाहीये. बारापर्यंत ते नवीन उत्तर पाठवू शकतात, हाही नियमच आहे. त्यांना फक्त कळवते की कुठे तुटतंय."

आर्डिथनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मग पॉलालाही फोन करायचा. तिचे सहा शब्द शिल्लक आहेत, तेही सांगायचं."

"आधी तिलाच करते."

पॉलाच्या माणसाने सहा शब्दांसाठी तीनदा आभार मानले आणि नंतर एकही शब्द वाढवला नाही. लिंडग्रेनच्या कचेरीतल्या मुलीने सांगितलं की साहेब धान्याच्या कोठारापाशी भाषण करताहेत. साडेअकरा झाले. एटाने रंगीत खडू खाल्ला, तो काढला. अकरा चाळीसला फोन वाजला, मागे यंत्रांची घरघर.

"लिंडग्रेन बोलतोय. काय तोडताय तुम्ही माझं?"

"पंचाहत्तराव्या शब्दानंतरचं, सर."

"मग काय काढू ते तुम्हीच सांगा."

जिभेवर आलेलं उत्तर ब्रिनने गिळलं. आर्डिथ समोरून बघत होत्या. "ते मी सांगू शकत नाही, सर. तुमचा कागद समोर घ्या आणि बोट ठेवून मोजा."

यंत्रांच्या घरघरीत तो पुटपुटत मोजू लागला. मग, "अरे देवा. ती बास्गलबाई मला सोडणार नाही."

अकरा बावन्नला नवीन उत्तर आलं. घोड्यांवरचं, त्याचं सर्वांत लाडकं वाक्य त्याने काढून टाकलं होतं. बंद होणाऱ्या कचेऱ्या तशाच होत्या, आणि शेवटी नर्स होती, गाडीसकट. ब्रिनने दोनदा मोजलं. मग तिसऱ्यांदा आर्डिथनी मोजलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलंस. हे मी पुन्हा म्हणणार नाही."

ब्रिनला रडू येत होतं, पण ते आनंदाचं होतं की उद्यापासून व्हर्लीन नसेल याचं, ते तिला नीट कळेना. कुणीही निवडून आलं तरी जानेवारीआधी नवीन नर्स नव्हती. पत्रिकेचं शेवटचं पान मतदान केंद्रांच्या पत्त्यांचं. त्यात खाली चार बोटं जागा उरली होती.

"इथे माझ्या नावाने काही लिहिलं तर? उमेदवारांबद्दल नाही."

"किती शब्द?" आर्डिथनी विचारलं.

व्हर्लीनच्या उद्याच्या शेवटच्या फेरीत एक घर होतं: वाचनालयात पुस्तकं न्यायला येणारी यारेली ओर्नेलास, पहिलंच बाळ, नवरा गुरांच्या छावणीवर दोन-दोन पाळ्या करणारा. ब्रिनने तिला फोन केला, विचारलं, तिने संकोचत होकार दिला. मग ब्रिन लिहायला बसली:

'काउंटीच्या नर्स व्हर्लीन बास्गल या शुक्रवारी निवृत्त होत आहेत. माझी मुलगी त्यांच्यामुळे जिवंत आहे; तुमच्यापैकी अनेकांची मुलंही असतील. त्यांची जागा भरेपर्यंत ते काम आपल्याकडे आहे. सेंट बोनिफेस चर्चवरून उत्तरेला तिसरं, हिरव्या छपराचं घर. तिथे यारेली अकरा दिवसांच्या बाळाबरोबर दिवसभर एकटी असते. तिला विचारूनच हे लिहिते आहे. शुक्रवारी मी जाते. शनिवारी तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्याने जाणार असेल, तर जरा आत जाऊन दोघांना बघून याल का?'