लिंपलेली ढोली

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. उंच डोंगरावरच्या राखीव जंगलात, दरीच्या कडेला बसवलेला. माणसे माझ्यावर टेकतात, "काय हवा आहे!" म्हणतात आणि निघून जातात.

एके काळी मी झाड होतो. धुके माझ्या अंगावरच्या शेवाळात अडायचे, थेंबथेंब मुळांशी उतरायचे आणि तेच पाणी पायथ्याच्या गावांना उन्हाळाभर पुरायचे. म्हातारपणी मी वठलो, तेव्हा धनेश पक्ष्यांच्या जोडीने माझ्या ढोलीत संसार मांडला. धनेशाची मादी अंडी घालायला आत बसते, दार चिखलाने लिंपून घेते आणि पंखांची पिसे गाळून टाकते. नर बारीक फटीतून तिला फळे भरवतो. त्याने टाकलेल्या बियांतूनच इथली कितीतरी झाडे उगवली. बिनपगारी माळी, पण कामात वाघ!

आमचा रखवालदार भला माणूस. पाणी साचून झाडे कुजू नयेत म्हणून तो हौसेने ढोल्या मातीने बुजवायचा. एकदा वठलेली झाडे पाडायचा हुकूम आला. साहेबांनी माझ्या ढोलीकडे बोट दाखवून विचारले, "हिच्यात काही राहतं का?"

"नाही साहेब. ही ढोली मीच लिंपलीय मागच्या वर्षी," तो खालूनच म्हणाला.

ते लिंपण त्याचे नव्हे, मादीचे आहे, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण झाडाला तोंड कुठे असते? करवत चालली. मी कोसळलो आणि ढोली फुटली. बिनपिसांची मादी उडणार कशी? तिच्यासोबत दोन पिल्लेही गेली. रखवालदार कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. नर मात्र चोचीत फळ धरून घिरट्या घालत राहिला. दुसऱ्या दिवशीही तो आला. मला फार वाईट वाटले.

पुढे माझाच हा बाक झाला. रखवालदाराची लेक दुपारी डबा घेऊन येते.

"बाबा, वर बसा की. गुडघे दुखतात ना तुमचे?"

"नको गं. नाही बसवत."

तो जमिनीवरच जेवतो. पण वठलेले झाड दिसले की तेच दुखरे गुडघे घेऊन शिडी चढतो आणि ढोलीला कान लावतो.

मित्रांनो, जंगलात वाळलेले, निकामी असे काही दिसले, तर हात लावण्याआधी तुम्हीही कान लावा. त्या दिवशी माझ्या खोडाला कुणी कान लावला असता, तर आतली टकटक त्याला ऐकू आली असती.