गहिनीनाथाचं पायताण

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीला गहिनीनाथाची बायको चांगुणा माहेरी गेली, ती रुसून तिकडंच राहिली. का रुसली, हे ह्या बहाद्दराला काही केल्या कळेना. माहेर मुळा नदीवरच्या धरणापल्याड. मधे नवं पाणी पसरलेलं. म्हणून मासे धरणाऱ्या पुंजारामची होडी त्यानं मागून घेतली, वल्हं मारायलाही कसंबसं शिकला. घोडं अडलं ते पायात काय घालावं इथं.

सासऱ्यानं लग्नात दिलेला करकरीत जोडा काढला, तर पुंजाराम म्हणाला, "भिजला की धोंडा व्हईल पायात." मग टायरच्या चपला? "गाळात रुतून बसतील." अनवाणी? "खाली बुडल्या बांधांच्या बाभळी हायेत. काटा मोडंल." ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात; पण ह्याचं मनच जागेवर नव्हतं. शेवटी शाळेतल्या अब्राहाम मास्तरांनी आपले कवायतीचे कॅनव्हासचे बूट दिले. "नाड्या घट्ट बांध. पाणी शिरलं तरी निथळून जाईल."

होडी पल्याड उथळ पाण्यात लागली. काठावर चांगुणा धुणं धूत होती. गहिनीनाथानं उतरायला पाय उचलला आणि तो थबकला. ह्याच उतारावर भैरोबाचं देऊळ होतं. लग्न लागल्यावर दोघं इथंच पाया पडले होते. आता देव पाण्याखाली. देवाच्या डोक्यावरून बुटानं चालायचं? पण काटे? पण देव? अखेर बूट काढून गळ्यात अडकवले, हात जोडले आणि उतरला.

बाभळीनं लगेच हिसका दाखवला. तो लंगडत काठावर येऊन बसला. चांगुणानं त्याचा पाय मांडीवर घेऊन काटा उपसला.

"बूट हुते तर काडले कशापायी?"

"खाली भैरोबा हाय न्हवं."

तिनं काटा लांब भिरकावला. "देव कवाच वर नेलाय, पाणी चडायच्या आदी, उठल्या गावासंगं. समद्यांचे जावई आल्ते हात लावाया. माजा बा एकटा घराचे वासे वाहत हुता. तुमी हुता कुठं?"

गहिनीनाथाच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माजं. लई चुकलं."

चांगुणानं डोळे पुसले आणि त्याच्या गळ्यातले बूट काढून घेतले.

"जाताना होडी ढकलायला मी घालीन हे," ती म्हणाली. "पन आदी वर चला. बाच्या म्होरं हेच बोला."




तो उठला आणि अनवाणीच तिच्यामागं चढ चढू लागला.