आखेनच्या यात्रेतला बिल्ला

या, बसा. मी शिसं-कथिलाचा बिल्ला बोलतोय. मुठीत मावेन एवढाच, पण बोलायला मोठा.

जन्म जर्मनीतल्या आखेनचा, १३४९ सालचा. त्याआधी दोन वर्षं काळ्या समुद्राकडच्या जहाजांतून प्लेग इटलीत उतरला आणि बघता बघता ऱ्हाईनकाठी पोचला. उंदीर-पिसवांवर कुणाचाच संशय नव्हता! कुणी म्हणे देवाचा कोप. कुणी स्वतःला चाबकानं फोडत गावोगाव हिंडे. कुणी विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन ज्यू शेजाऱ्यांनाच जाळलं. त्या जमावात छातीवर माझे भाऊबंद मिरवणारेही होते, हे लपवत नाही.

माझ्या मधोमध आरसा होता. यात्रेत चर्चच्या मनोऱ्यावरून पवित्र वस्त्रं दाखवत. लोक आरसे उंच धरून त्यांचं तेज पकडत आणि घरच्या आजाऱ्याला नेऊन दाखवत. माझी पहिली मालकीण, एक विणकरीण, नवऱ्यासाठी तशीच धावत सुटली. तो वाचला. माझ्यामुळे? एवढी थाप मी विकायला बसलो तरी मारणार नाही.

पुढे नदीच्या गाळात शतकं गेली. आरसा गेला, अंग काळं पडलं. शेवटी स्टुटगार्टला शशिकांतांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो. प्लेगवरच्या प्रदर्शनासाठी त्यांनी मला एका म्युझियमला कबूल केलं. मला न्यायला तिथल्या बाई आल्या, तेव्हा शशिकांत नुकतेच तापातून उठले होते. मला बघताच त्यांनी बायकोला हाक मारली.

"अगं मालिनी, हा चकाकतोय कसा?"

"चिंचेनं घासला. देवापुढे काय काळाकुट्ट ठेवायचा?"

"देवापुढे? कशाला?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, साथीत लोक ह्याच्यापुढे हात जोडायचे. चार दिवस तुमचा ताप उतरेना. गोळ्या देतच होते की! पण हातांना काहीतरी करायला नको?"

"पावणेसातशे वर्षांचं काळेपण धुऊन काढलंस! आता कोण घेतंय ह्याला?"

मीही धास्तावलो. पुन्हा खोक्यात जाणार बहुतेक. मालिनीबाईंनी मोडक्या जर्मनमध्ये सगळं खरं सांगून टाकलं. म्युझियमच्या बाईंनी मला उलटसुलट करून कपाळाला हात लावला. मग हसल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! आम्हाला हेच तर दाखवायचंय," म्हणाल्या आणि तिथेच पाटी लिहायला बसल्या :

'आखेन, १३४९. शेवटची पूजा : स्टुटगार्ट, २०२५.'

काचेआड मी मजेत आहे. लोक पाटी वाचून हसतात, आणि पुढे सरकण्याआधी काही जण क्षणभर डोळे मिटतात. मिटा बापडे! फक्त घरी कुणी आजारी असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. माझ्याकडे सावकाश या. मी कुठे जातोय?