सिंधूच्या टँकची फिरकी

जळकोटच्या त्या घरात अयोध्या दुसरेपणावर आली, तेव्हा बैठकीत सिंधूचा फिश टँक होता. सिंधू म्हणजे भीमाशंकरची पहिली बायको, काविळीनं गेलेली. तिच्या साड्या वाटून झाल्या, फोटो देवघराशेजारी गेला. टँक मात्र जागचा हलला नाही. शाळेतून आले की भीमाशंकर गुरुजी चहाच्या आधी त्या काचेसमोर बसायचे. पाच वर्षं अयोध्या ते बघत होती.

या उन्हाळ्यात टँकमधला पंप बंद पडला. पाणी फिरवणारी आतली फिरकीच तुटली होती. गुरुजी उदगीरला जाऊन आले, लातूरला जाऊन आले. दुकानदार म्हणायचे, हे मॉडेल आता येत नाही, नवा पंप घ्या. गुरुजींना नवा नको होता.

"सिंधूनं निवडलेला हाय," ते म्हणाले.

अयोध्या तापानं फणफणली होती, तेव्हा याच माणसाला गावातला डॉक्टर दूर वाटला होता.

शेवटी नांदेडच्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं, भंगारात तसलाच पंप सापडलाय, फिरकी शाबूत आहे. शाळेत परीक्षा चालू होत्या, गुरुजींना निघता येईना.

"मी जाऊन आणते," अयोध्या म्हणाली.

"खरंच जातीस?" त्यांचा चेहरा असा खुलला, की तिला जास्तच झोंबलं.

दुकानदारानं फिरकी कागदात बांधून दिली. करंगळीएवढी वस्तू. "जपून न्या ताई, दुसरी मिळायची न्हाई."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. गोदावरीच्या पुलावर तिनं पुडी धरलेला हात बाहेर काढला. मूठ काही उघडली नाही आणि पूल संपला. घरी आल्यावर मात्र ती म्हणाली, "दुसऱ्याला देऊन टाकली म्हणे त्यानं." पुडी तूरडाळीच्या डब्यात गेली.

आणखी दोन दिवस गुरुजी माशांना हवा मिळावी म्हणून मगानं पाणी वर उचलून टँकमध्ये ओतत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक सोनेरी मासा आडवा तरंगत होता. त्याला तळहातावर घेऊन ते नुसते उभे राहिले. अयोध्या आत गेली, पुडी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

"त्याच दिवशी मिळाली होती."

"मग दिली का न्हाईस?"

"मेलेल्या बाईवर जळते मी. हसा आता."

गुरुजी हसले नाहीत. "मासा मेला की गं."

"हाव. मीच मारला. मी तापात पडले होते, तवा असं उभं राहिलता का माझ्यापाशी?"

मासा बशीत ठेवून गुरुजींनी फिरकी बसवली. पंप घुरघुरला, पाणी हललं. तिनंच विचारलं, "कशी होती ती?"

"भांडकुदळ," गुरुजी म्हणाले. "मला हितं घटकाभर बसू द्यायची न्हाई. कायतरी काम सांगायचीच."

पाच वर्षांत अयोध्या या माणसाशी एकदाही भांडली नव्हती.

"मग उठा," ती म्हणाली. "गिरणीत दळण पडलंय, घेऊन या."

गुरुजींनी तिच्याकडे नवलानं पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या. ते गेल्यावर तिनं मासा पेरूच्या झाडाखाली पुरला.