चौकटीतला चौथा नियम

चौथा नियम मला सगळ्यांत पक्का पाठ होता. वहीत त्याला लाल पेनाने चौकट केली होती, चाचणीत लिहिलाही होता, आणि अर्धा मार्क मिळाला होता.

आमच्या शाळेत तेलुगू आणि मराठी अशी दोन्ही माध्यमं आहेत, पण इंग्रजीला गोपाल सर एकटेच. म्हणून त्या तासाला सगळे एकाच वर्गात. तेलुगूवाले पुढे, आम्ही मागे. सर क्रियापदं, क्लॉज सगळं तेलुगूतून समजावतात, तेही फाटक उघडल्यावर ट्रॅक्टर सुटावा तसे. आम्हाला तेलुगू येतं ते बसमध्ये जागा मागण्यापुरतं. मग आम्ही काय करतो, तर कानावर पडेल ते आपल्या अक्षरांत उतरवतो आणि घोकतो. माझ्या आधीच्या सगळ्या ताई-दादांनी हेच केलं.

यंदा मला स्वयंशासन दिनाला इंग्रजीच शिकवायचं होतं. त्या दिवशी दहावीची मुलं शिक्षक होतात आणि खरे शिक्षक विद्यार्थी बनून बाकावर बसतात. मराठीवाल्यांच्या वाट्याला दरवर्षी चित्रकला नाहीतर खेळाचा तास येतो. मी इंग्रजी मागितलं, तर सर म्हणाले, आधी क्लॉजचे सगळे नियम न बघता म्हणून दाखव.

म्हणून घरी मोठ्याने घोकत बसले होते. माय मेथीच्या जुड्या बांधत होती. ती वीस वर्षं आदिलाबादच्या बाजारात भाजी विकते, तिचं तेलुगू एकदम पक्कं.

"वेनक कूर्चुन्नवाळ्ळकि एंत चेप्पिना अंते," मी म्हटलं.

मायचा हात थांबला. "हे कोन म्हनलं तुले?"

"सरांनी. चवथा नियम हाय."

"नियम नाई वं हा. मांगं बसनाऱ्यायले कितीबी सांगा, तेवढंच. असं म्हनून राह्यला तो." ती आधी हसली, मग माझं तोंड बघून तिने जुडी खाली ठेवली. "पेपरात लिवलं का तू हे?"

"लिवलं. अर्धा मार्क भेटला."

"म्हंजे त्यानं वाचलंबी नाई."

त्या अर्ध्या मार्काने माझं डोकं फिरलं. शिवी देऊन वर बक्षीस. मी सगळे नियम फाडणार होते, पण मायने वही काढून घेतली. "फाडू नको. सबूत हाय तो. अन् काऊन घोकतं? समजून घे ना."

मग आम्ही दोघींनी इंग्रजीचं पुस्तक मेथीत आणून ठेवलं. माझं मीच शोधलं. 'माय विकते' म्हटलं की कोणीही विचारतं, काय विकते? ते क्रियापद हात पसरून उभंच. 'माय झोपली' म्हटलं की कोणी काही विचारत नाही, तिचं तिला पुरतं. आणि क्लॉज? 'ऑटो भरल्यावर' एवढंच बोलून ऑटोवाला गप्प बसला, तर आमच्या जैनथच्या स्टँडवर सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहतील. 'निघू' म्हणेल तेव्हा जीव पडतो भांड्यात. चार वर्षांत जे डोक्यात गेलं नाही ते मेथीच्या दोन टोपल्यांत गेलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला अजून राग आला. इतकं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नियम म्हटलेच नाहीत. वही सरांपुढे ठेवली. "सर, चौथा पढिये."

सरांना हिंदीमुळे आमची अक्षरं वाचता येतात. वाचून त्यांनी चष्मा काढला. "मज़ाक में बोला था, मयूरी."

"हमने याद किया, सर. पूरी लाइन ने."

सातवीचा इंग्रजीचा तास मला मिळाला.

मायची निळी साडी नेसून गेले. सर शेवटच्या बाकावर, गुडघे फळीला टेकलेले. मी ठरवूनच आले होते. सगळं मराठीतून, सुसाट. बघू दे कसं वाटतं. क्रियापदं झाली, क्लॉज झाले, सर नुसते बघत होते. मग मी त्यांच्याकडे बघूनच म्हटलं, "मागे बसले त्यांना कितीही सांगा, तेवढंच." मराठी पोरं खी-खी हसली. काय बरं वाटलं मला.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या लास्याने हात वर केला. तेलुगू माध्यमाची, दोन वेण्या, बोटाला शाई. "अक्का, इदि एन्नो रूल?"

हा कितवा नियम, असं विचारत होती ती. मी तिची वही ओढली. पान भरलं होतं. गोल गोल तेलुगू अक्षरांत माझं अख्खं मराठी, आणि शेवटच्या ओळीला पट्टीने आखलेली चौकट.

माझे कान तापले. सरांचा राग होताच, आता माझाही आला. मी तिच्याच पेनाने ती ओळ काट मारून मारून काळी केली. ती घाबरली, तिला वाटलं तिचंच चुकलं. "तुझं नाही," मी म्हटलं. तेही तिला कळलं नाही.

"सर, उभे राहा," मी म्हटलं. त्या दिवशी ते विद्यार्थी होते, त्यांना उठावंच लागलं. "मैं बोलूँगी, आप तेलुगू में बताइये. धीरे."

"पीछे से सुनाई नहीं देता," सर म्हणाले.

"हाँ. मालूम है. आगे बैठिये."

सर पुढे येऊन लास्याशेजारी बसले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, ऑटोपासून. एक वाक्य माझं, मराठी-हिंदी मिसळून, एक त्यांचं तेलुगूत. मेथीची 'जुडी' म्हणजे काय यावर ते अडले, तेव्हा मागच्या बाकावरच्या आमच्या चंचलने तेलुगूत सांगितलं, तिच्या बापाचं भाजीचं दुकान आहे.

राग गेला नाही, खोटं कशाला सांगू. घंटा झाली तरी सर वहीत लिहीत होते. माझ्या मराठीतली एक गोष्ट त्यांनी तिसऱ्यांदा विचारली.

मी तिसऱ्यांदा सांगितली. रागातच, पण हळू.