केळीच्या पानाखालचं भस्म

पहूरच्या पुढे केळीच्या बागेला लागून लोटन महाराजांचा मांडव आहे. मंगळवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मी पोचले तेव्हा महाराज माइकवर रंगात आले होते.

"डाक्टर याले सोरायसिस म्हनते! अरे बावा, ही नागाची कात आहे! तुमच्या घरात कोनी नाग मारला, आता तुमची कात पडू राह्यली. भस्म लावा, वरून केळीचं पान बांधा, नाग शांत! अन् दुष्परिनाम? देवाच्या औषधाले कुठून आला दुष्परिनाम?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका माणसाला मंचावर चढवून त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. पाय स्वच्छ! बायकांनी हात जोडले. पाय खरंच स्वच्छ होता, हे मलाही कबूल करावं लागलं.

मी जळगावात कातडीची डॉक्टर आहे. अशा मांडवांचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. तरी आले ती नूतनसाठी.

मागच्या वर्षी केळीची बाग असलेले जीवरामभाऊ आपल्या या कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला, नूतनला, माझ्याकडे घेऊन आले होते. कोपरांवर, पाठीवर सोरायसिसचे चट्टे. मी स्टिरॉइडचं मलम लिहून दिलं आणि नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. पातळ थर, फक्त चट्ट्यांवर, वर काही बांधायचं नाही. जास्त दिवस जास्त लावलं तर कातडी पातळ होते, ताणल्यासारखे जांभळे वळ उठतात; एकदम बंद केलं तर आजार उसळू शकतो.

"म्याडम, इतकं नुकसान करनारं औषध पोरीले लावू?" भाऊंनी विचारलं. मी समजावलं, त्यांनी मान हलवली, आणि ते परत आलेच नाहीत. दुष्परिणाम खरे सांगितले की पेशंट पळतो, यात मला नवं काही नाही.

यंदा तिची आई बेबाबाई तिला रिक्षात आडवी घालून घेऊन आली. अंग भाजल्यासारखं लाल, हुडहुडी, चेहरा सुजून गोल, काखेत आणि पोटावर जांभळे वळ.

"वर्षभर महाराजांचं भस्म लावलं. परीक्षेला धुळ्याला गेले होते," नूतन कशीबशी म्हणाली. "तिथं भस्म संपलं. मग हे सुरू झालं."

"महाराज म्हनते, पथ्य मोडलं, नाग खवळला," बेबाबाई रडत होत्या. "दुप्पट लावा म्हनते. लावू का?"

मी पोरीला दाखल करून घेतलं. ती वाचेल की नाही, हे सुरुवातीला मलाच सांगता येत नव्हतं. ताप उतरला तेव्हा मी जीवरामभाऊंना म्हटलं, हे वळ आणि हा सुजलेला चेहरा पाहता भस्मात माझंच औषध, स्टिरॉइड, असणार. ते चिडले. "भस्म खोटं असतं तर गुन आला असता का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तर त्यांच्याच हातावर द्यायचं ठरवलं. मनगटाच्या वर तीन ठिकाणी लेप दिले: एक महाराजांचं भस्म, एक माझं मलम, एक तुपात कालवलेली चुलीतली राख. वरून त्यांच्याच बागेतलं केळीचं पान बांधलं. सकाळी सोडलं. राखेखालची कातडी होती तशीच. बाकी दोन ठिकाणी पांढुरके डाग.

"हे औषध रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून कातडी फिकी पडते," मी म्हटलं. "राखेला ते जमत नाही. त्यात पान बांधलं की औषध कितीतरी जास्त आत मुरतं. चट्टे झटकन जातात, आणि थांबलं की असे उसळतात."

"म्हंजे ज्याले भ्यालो, तेच लावलं?"

"तेच. आणि बेसुमार."

त्याच दिवशी, मंगळवार होता, भाऊ मला घेऊन मांडवात आले. महाराजांचं बोलणं संपायच्या आत मंचावर चढले, बाही वर केली आणि कुठे भस्म, कुठे मलम, कुठे राख ते सांगत तिन्ही जागा लोकांना दाखवल्या.

"तुझी श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

"हात एकच, श्रद्धाबी एकच," भाऊ म्हणाले. "मंग राखीच्या जागी डाग काहून नाही पडला?"

महाराजांनी माइक बंद केला. भस्माची रांग मोडली नाही, निम्मी झाली. उठून आलेल्यांपैकी एकानं मला हळूच विचारलं, "म्याडम, ती ट्यूब दुकानात कितीले भेटते?" मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

संध्याकाळी दवाखान्यात नूतननं विचारलं, "हे वळ जातील ना?"

"फिके होतील. पूर्ण जाणार नाहीत."

ती भिंतीकडे तोंड करून रडली. मला फार वाईट वाटलं.

म्हणून सांगते. ज्या औषधाला गुण आहे, त्याला अपायही असू शकतो. 'काही होत नाही' म्हणणाऱ्याकडून औषध घेऊ नका, मग तो मांडवातला असो की दुकानातला. भस्म लावत असाल तर घाबरून एकदम बंदही करू नका. डबी घेऊन डॉक्टरकडे जा. भीती वाटली तर पळू नका, पुन्हा विचारा. मी थकले आहे, पण पुन्हा सांगेन.