पहिली फेरी कोणी घेतली?

मी एक जुना आकाशपाळणा आहे. मित्रांनो, 'जुना' म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका, मला ते अजिबात खपत नाही. माझे सगळे पाळणे जागेवर आहेत आणि रंगही ताजा आहे. पण मागच्या शिमग्यात माझ्या पोटातला शाफ्ट तडकला होता. शाफ्ट म्हणजे ज्याच्याभोवती मी फिरतो तो मधला जाड लोखंडी दांडा. तुमच्या पुस्तकात त्याला आस म्हणतात. तो तुटला की मी गेलो, आणि माझ्यात बसलेली पोरंही गेली. खाली पोरांची ही भली मोठी रांग लागली होती, मी जीव तोडून कुरकुरत होतो, आणि कोणाला म्हणून ते ऐकू जात नव्हतं. त्या दिवसाची आठवण झाली की अजून माझे नटबोल्ट थंड पडतात.

माझा जन्म महाडचा. मुरारी नावाच्या वेल्डरने आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये मला घडवलं. मोटर मिळाली ती एका बंद पडलेल्या भातगिरणीची, त्यामुळे मी फिरायला लागलो की अजूनही तांदूळ कांडल्यासारखा आवाज येतो. बिरवाडीच्या सयाजीशेटनी मला घडवून घेतलं. शेट मूळचे शेतकरी. आपल्या आमराईत त्यांनी एक छोटीशी बाग उघडली आणि तिला नाव दिलं 'मौजबाग'. विहिरीभोवती फिरणारी झुकझुक गाडी, दोन घसरगुंड्या, कोकम सरबताची टपरी आणि मधोमध मी. झालं, एवढीच बाग!

पहिल्या दिवशी गर्दी तर जमली, पण माझ्यात बसायला कोणी धजेना. सगळे लांबून बघत होते. वरंधच्या डोंगरातल्या एका वाडीवरून रखमा नावाची बाई आपली पोरं घेऊन आली होती. ती पदर खोचून पुढे झाली आणि म्हणाली, "शेट, आदी तुमी बसा. मंग आमची पोरं बसतील."

लोक हसले. शेटही हसले, पण चप्पल काढून खरोखर माझ्या पाळण्यात बसले. मी त्यांना वर नेलं, खाली आणलं. ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी म्हणाले, "चला, आता कोणी पण बसा!" त्या दिवसापासून नियमच पडला. रोज सकाळी बागेचं फाटक उघडायच्या आधी पहिली फेरी मालकाच्या घरच्या माणसाची. तेव्हा बागेतला गाण्यांचा भोंगा बंद असायचा. शेट हातात चहाचा ग्लास घेऊन बसायचे आणि कुठे काही कुरकुरलं की वरूनच ओरडायचे, "भिकू, ग्रीस!" भिकू म्हणजे मला चालू-बंद करायचा दांडा ओढणारा माणूस. त्या एका फेरीत माझं काय दुखतं खुपतं ते सगळं घरच्या माणसाला कळायचं.

रखमा दर शिमग्याला यायची. फाटकाशी उभी राहून विचारायची, "पयली फेरी झाली काय रे?" भिकू हो म्हणाला की पोरांना चढवायची. स्वतः मात्र कधी बसली नाही. खालून मान वर करून बघत राहायची.

तसं म्हणाल तर माझे ते दिवस राजासारखे गेले. जवळच्या कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी यायचे, वीर स्टेशनावरून रिक्षा भरभरून पाहुणे यायचे. पण खोटं कशाला बोलू? बागेत बायकांसाठी धड सोय नव्हती. दुपार झाली की त्या बिचाऱ्या अर्ध्यातूनच घरी जायच्या. लाईट गेली की मी मध्येच लटकायचो, आणि खालच्या माणसांना माझी कड धरून एकेक पाळणा हाताने खाली आणावा लागायचा. लहान तेवढं गोड म्हणणारे स्वतः कधी वर लटकलेले नसतात!

शेटची लेक तेजश्री पुण्याला शिकून आली. पोरगी हुशार आणि कामाला वाघ. तिने पोलादपूरकडच्या रस्त्याला मोठी जागा घेऊन दुसरी बाग उभी केली, 'मौजबाग रिसॉर्ट'. लोक आमच्या बागेला छोटी मौज म्हणायला लागले आणि तिला मोठी मौज. शेट वारले. छोट्या मौजेत येणारी माणसं कमी झाली आणि एक दिवस तिथल्या फाटकाला कुलूप लागलं. भिकू त्याच्या मुलाकडे निघून गेला. मला वाटलं, आता आपलं भंगार होणार. पण तेजश्री म्हणाली, "बाबांचा पाळणा माझ्याकडे येईल."

मला सुटा करून ट्रकमध्ये घातलं. वाटेत एका खड्ड्यात ट्रक असा काही आदळला की माझ्या शाफ्टमध्ये सणक गेली. बाहेरून काही दिसलं नाही. मोठ्या मौजेत मला उभं केलं, तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. भेग तेव्हा केसाएवढीही नव्हती. ती पुढे वाढली.

आणि मित्रांनो, मोठी मौज काय वर्णावी! तिथलं पार्किंगच आमच्या आख्ख्या आमराईपेक्षा मोठं. लाटांचं तळं, पाण्याच्या उंच घसरगुंड्या, पाण्यावर लक्ष ठेवणारी शिट्टीवाली पोरं, बायकांसाठी स्वच्छ खोल्या, आसपासच्या गावांतल्या कितीतरी मुलींना नोकऱ्या. शेजारी एक नवा आकाशपाळणा, माझ्या तिप्पट उंच, रात्री दिव्यांनी लखलखणारा. मी त्याच्यावर जळलो, हो, जळलो! पण चांगल्याला चांगलं म्हणायला माझी जीभ झडत नाही. एकच गोष्ट मला सोसवेना. माझ्या अगदी कानाशी एक मोठा भोंगा बसवला होता आणि तो सकाळी फाटक उघडायच्या आधीपासून दणदणायचा. पहिल्या फेरीचं नावही कोणी काढत नव्हतं. तेजश्रीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिचा दिवस फोनवरच उजाडायचा.

त्यात आमच्या लोकांची खोड तुम्हाला माहीत आहेच. शिमग्याला मुंबईची माणसं गावी आली की आख्खी भावकी एकत्र फिरते, आणि पाळण्यात बसायचं तर सगळ्यांनी शेजारी शेजारीच बसायचं. काका या पाळण्यात तर पुतण्या लगेच मागच्या पाळण्यात. भिकू त्यांना दरडावून समोरासमोर वाटून बसवायचा, म्हणजे भार सारखा राहायचा. रुसले तर रुसले! मोठ्या मौजेत पाहुण्याला नाही म्हणायची सोय नव्हती. माझा दांडा ओढणारा रितेश भला पोरगा, पण तो तरी काय करणार? सगळा भार एका अंगाला येऊन मी हेलकावे खायचो आणि दर फेरीला भेग थोडी अजून उघडायची. मी ओरडायचो, कर्र, कर्र. वर भोंगा, धडाड धूम!

त्या सकाळी तर मला स्वच्छ कळलं होतं की आज काही खरं नाही. आदल्या दिवशीच गावोगावच्या पालख्या नाचून झाल्या होत्या, त्यामुळे सगळी गर्दी मोठ्या मौजेकडे लोटली होती. रांगेत सगळ्यात पुढे रखमाच्या वाडीतली पोरं होती. बरोबर तिचा मुंबईचा नातू अक्षय आणि त्याच्या वयाचे दणकट जवान. रितेशने माझं दार उघडलं. एक चिमुरडी पायरीवर चढलीसुद्धा. देवा, हिला माघारी ने, असं मी मनात म्हणत होतो. तेवढ्यात एका सुरकुतलेल्या हाताने तिचा फ्रॉक मागे ओढला. रखमा आता म्हातारी झाली होती, पण पदर तसाच खोचलेला.

"पयली फेरी कोनी घेतली आज?" तिने विचारलं.

रितेश गोंधळला. "आजी, कसली फेरी?"

"मालकाच्या घरचं कोन बसलं व्हतं काय सकाळी?"

"नाही हो आजी. तसलं काही नसतं इथे."

"मंग आमच्या वाडीतलं पोर चढायचं नाय." असं म्हणून रखमा माझ्या पायरीवरच बसली.

मागून आरडाओरडा सुरू झाला. अक्षय शरमून म्हणाला, "आज्जी, उठ ना! काय सीन करतेस? सगळे बघतायत."

"बगू दे. मी काय कोनाचं चोरलंय?"

शेवटी तेजश्रीला बोलावणं गेलं. ती तरातरा आली. कपाळावर आठी, हातात फोन. रखमाला बघून जरा नरमली. "रखमामावशी, अहो किती गर्दी आहे! सगळं तपासलेलं आहे. बसू द्या ना मुलांना."

"तुझा बापूस रोज बसायचा गो पोरी. तो काय खुळा व्हता?"

तेजश्रीने हातातला फोन बंद केला. मग वाद मिटवायचा म्हणून म्हणाली, "बरं, बसते मी. रितेश, फिरव."

"आन तो भोंगा बंद कर आदी," रखमा म्हणाली. "तुझा बापूस बसायचा तवा भोंगा नसायचा."

भोंगा थांबला. कितीतरी दिवसांनी माझ्या कानाला शांतता मिळाली. तेजश्री एकटी बसली आणि मी फिरायला लागलो. आता मित्रांनो, माझी पंचाईत बघा. ओरडावं तर ती वर असताना घाबरणार, न ओरडावं तर खाली आल्यावर पोरं चढणार. पण मला ओरडावं लागलंच नाही. ती अगदी वर पोहोचली आणि शाफ्ट स्वतःच बोलला. कट्! रांगेतली पोरंसुद्धा दचकली.

"रितेश, थांबव!" ती किंचाळली.

त्याने मला थांबवलं. मी जागच्या जागी थरथरत उभा. मोटरचा एक धक्का बसला असता तरी शाफ्ट तुटला असता. ब्रेक सोडला असता तर तेजश्रीच्या वजनाने मी भसकन खाली आलो असतो. रितेशचा हात दांड्यावर आणि घामाने त्याचा सदरा ओलाचिंब. वरून तेजश्रीचा आवाज आला, "मला खाली घ्या हो कुणीतरी!" एवढी मोठी मालकीण, पण आवाज पोरीसारखा झाला होता.

रखमा उठली. "अक्षय, धरा रे कड! बिरवाडीत लाईट गेल्यावर उतरवायचे तसं. पालखी उतरवता ना, तशी उतरवा. धक्का नाय लागला पायजे!"

आदल्या दिवशी पालखी नाचवलेले ते जवान धावले. त्यांनी माझी खालची कड दोन्ही बाजूंनी धरली. रितेशने हळूच ब्रेक सोडला. एकाचा हात सुटायच्या आत दुसऱ्याचा हात लागत होता. कोणी हूं की चूं करत नव्हतं. मी दात आवळून शाफ्ट धरून ठेवला होता. थोडं खाली. कट्. सगळे थांबले. अक्षयच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. परत थोडं खाली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब अर्धी फेरी. तेजश्रीचा पाय जमिनीला लागला तेव्हा ती मटकन रखमाच्या शेजारी पायरीवर बसली.

रांगेतून कोणीतरी विचारलं, "मॅडम, मग पाळणा चालू कधी होणार?"

किरकोळ बिघाड आहे, असं म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती. तिने त्या चिमुरडीकडे बघितलं. मग उभी राहून मोठ्याने म्हणाली, "पाळणा बंद आहे. आज तुमची मुलं यात बसली असती. माझी चूक झाली." मग रितेशला म्हणाली, "बाकीचंही सगळं थांबव. मी एकेकात बसून बघते, मगच चालू करायचं."

माणसं कुरकुरली, पण कोणी जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारा मुरारी महाडहून आला. माझा शाफ्ट काढून त्याने भेगेत नख घातलं. ते आत गेलं, गेलं, जातच राहिलं. तो म्हणाला, "ती बाई पायरीवर बसली नसती ना..."

पावसाळाभर माझा नुसता सांगाडा शाफ्टाविना उभा होता. माझे पाळणे गवतात पडले होते, त्यांत पाणी साचून बेडकांनी संसार थाटले. तेजश्रीला बरेच जण सांगत होते, भंगारात द्या हा, नवा आणा. ती माझ्या जवळून जाताना मान वळवायची. माझी भीती बसली होती तिच्या मनात. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात दिसला की माझ्या काळजाचा ठोका चुकायचा. पण एक गोष्ट मी रोज बघत होतो. सकाळी भोंगा लागायच्या आधी तेजश्री एकेका पाळण्यात, एकेका गाडीत स्वतः बसायची. पाण्याच्या उंच घसरगुंडीवरूनसुद्धा पंजाबी ड्रेस घालून धपकन खाली यायची आणि कामगार हसू दाबत टॉवेल घेऊन उभे राहायचे.

दसऱ्याला मुरारीने मला नवा शाफ्ट घातला. झेंडूचं तोरण लागलं, नारळ फुटला. तेजश्री माझ्या दाराशी आली. एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे घेतला. परत ठेवला, परत मागे घेतला. तिचा हात मात्र माझ्या दांडीवरच होता. रितेश खाली मान घालून उभा. मला वाटलं, संपलं. ज्याच्यात घरचं माणूस बसायला भितं, त्या पाळण्याने फिरून तरी काय करायचं?

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. तेजश्रीनेच निरोप धाडला होता. रखमा काठी टेकत आली, तेजश्रीच्या तोंडाकडे बघितलं, काठी रितेशच्या हातात दिली आणि चप्पल काढली.

"सरक गो," ती म्हणाली. "मी पन बसते."

"मावशी, तुम्ही तर कधीच..."

"इतकी वर्सं खालून बगलं. आज वरून बगते. चल, धर माजा हात."

दोघी बसल्या. भोंगा बंद होता. मी त्यांना सावकाश वर नेलं. अगदी वर गेल्यावर रखमाने डोळे उघडले आणि म्हणाली, "अगो बाय! आमचा डोंगर दिसतो इथनं!" तेजश्री रडत होती आणि हसत होती.

मित्रांनो, बाग छोटी असो की मोठी, पाळण्यात चढायच्या आधी विचारायला लाजू नका, "आज पहिली फेरी कोणी घेतली?" आणि आम्ही जुनी यंत्रं कुरकुरायला लागलो तर भोंग्याचा आवाज वाढवू नका. जरा बंद करून ऐका. आम्हाला दुसरं बोलता येत नाही.

त्या फेरीत मात्र मी एकदाही कुरकुरलो नाही.